ज्याचा आवाज, त्याची कॅसेट

हेडफोनची डावी बाजू मुकी झाली होती. त्या दुकानात पाऊल टाकायला तिला तेवढंच कारण होतं — निदान पहिल्या वेळी तरी.

ती कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासायची. काचेच्या छोट्या खोलीत पेशंटला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, आणि एकेक बारीक आवाज सोडत जायचा. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. बाहेर बसून ती चेहरे बघायची. काही ऐकू आलेलं नसताना अंदाजपंचे बटण दाबणारे आजोबा तिला भुवईवरून कळायचे. बघत राहणं हा तिचा स्वभावच होता म्हणा ना. निघताना गॅस दोनदा बघायचा, कुलूप तीनदा ओढायचं, पोहोचल्यावर आईला फोन करायचा. "तू जन्माला आलीस तीच कपाळाला आठी घालून," आई म्हणायची.

दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं — टेप, रेडिओ, स्पीकर, हेडफोन दुरुस्ती. तिने दार ढकललं आणि थबकली. आत सात-आठ माणसं स्टुलांवर डोळे मिटून बसली होती. शाळेत शिक्षा झाल्यासारखी, पण खुशीत. काउंटरवर एक जुना टेपरेकॉर्डर फिरत होता. त्यामागे उभ्या तरुणाने शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या, कानामागे पेन्सिल खोचली होती.

"माझा हेडफोन—" तिने सुरुवात केली.

त्याने ओठांवर बोट ठेवलं. मग स्वतःचं स्टूल तिच्याकडे सरकवलं, आणि ती तरीही उभीच आहे असं बघून चक्क हात जोडले. चेहरा इतका केविलवाणा केला, की ती हसू दाबत खाली बसली.

टेपमधला एक माणूस नोकरीच्या मुलाखतीची तालीम करत होता. एकटाच. "मी अत्यंत मेहनती आहे..." खाकरला. "मी फार मेहनती आहे..." पाणी प्यायल्याचा आवाज. मग बराच वेळ थांबून, अगदी हळू — "मी बरा आहे."

खट्. टेप थांबली. स्टुलांवर हलकं हसू पसरलं, पण त्यात टिंगल नव्हती. "लागली असेल हो त्याला नोकरी," कोपऱ्यातले निवृत्त पोस्टमनकाका म्हणाले. "एवढं खरं बोलणाऱ्याला कोण नाही म्हणणार?"

"आता नेहमीप्रमाणे शेवट आपल्या बातमीदाराने," दुकानदार म्हणाला आणि दुसरी कॅसेट चढवली.

"नमस्कार. ऐकत आहात घरच्या बातम्या. स्वयंपाकघरात सकाळपासून ढगाळ वातावरण असून भांड्यांचा गडगडाट अपेक्षित आहे. नागरिकांनी अभ्यासाच्या टेबलापाशीच थांबावं. आता परदेशातून एक बातमी. शेजारच्या घरी नवीन फ्रिज आला. आमच्या प्रतिनिधीला तो उघडून बघू दिला नाही..."

तिच्या हातातला हेडफोन मांडीवर घसरला.

टिं... टॉं-टॉंग. टेपमधल्या दाराची बेल वाजली. लांबून एक बाई ओरडली, "राजा, बघ रे कोण आहे!" पावलं. दार. मग पुन्हा तोच आवाज, धापा टाकत — "व्यत्ययाबद्दल क्षमस्व. विजेचं बिल आलं होतं. बातम्या संपल्या नाहीत, पण बॅटरी संपत आली आहे. ऐकलंत, बरं वाटलं."

आवाज जाड होता, मिसरूड फुटू घातलेल्या मुलासारखा. पण शब्द... शब्द न् शब्द तिचे होते. नऊ वर्षांची असताना पलंगाखाली बसून भरलेले.

"कशा वाटल्या बातम्या?" लोक पांगल्यावर त्याने विचारलं. हेडफोन त्याने केव्हाच उघडला होता, आणि स्क्रू-ड्रायव्हर दातात धरून तो तिच्याकडेच बघत होता.

"तुमच्याकडे... या कॅसेट येतात कुठून?"

"भंगारातून, रद्दीतून, मेलेल्या टेपरेकॉर्डरच्या पोटातून. गाण्यांच्या कॅसेट सगळे जपतात हो. पण ज्यावर माणूस उगाच काहीतरी बोललाय, ती आधी फेकतात. मी ती गोळा करतो. महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी ऐकवतो, मग इंटरनेटवर चढवतो. आजची शेहेचाळिसावी बैठक."

"आणि ज्याचा आवाज आहे त्याला नाही आवडलं तर?" तिचा स्वर तिला वाटला त्याहून कडक निघाला.

त्याने न बोलता मागच्या भिंतीकडे बोट केलं. पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं होतं — ज्याचा आवाज, त्याची कॅसेट. "कोणी ओळखली, की कॅसेट त्याच्या हातात. माझ्याकडची प्रत त्याच्यादेखत पुसायची, इंटरनेटवरचीही. आजवर तीनदा झालंय. एकदा एक आजी आल्या. माझ्याकडे एक पाऊण तासाची कॅसेट होती, नुसतं घोरणं. आजोबा कबूल करत नव्हते म्हणून त्यांनी पुरावा भरून ठेवला होता." तो हसला, मग हसता हसता थांबला. "आजोबा गेले दोन वर्षांपूर्वी. मी विचारलं, आता काय करणार हिचं? म्हणाल्या, झोप लागत नाही रे, उशाशी लावीन."

तो तारेवर डाख देत असताना धुराची एक बारीक रेघ वर गेली आणि त्या रेघेकडे बघत तिने ठरवलं, आत्ताच सांगून टाकावं. तोंड उघडलंही.

"पन्नासाव्या बैठकीला मात्र मजा आहे," तो म्हणाला. "त्या बातमीदाराची दुसरी बाजू मी अजून ऐकलेली नाही. चार वर्षं शिल्लक ठेवलीय. ऐकली की संपलीच ना. पन्नासाव्याच्या आदल्या दिवशी एकटा ऐकणार, आणि मग सगळ्यांना."

तिने तोंड मिटलं.

दुसऱ्या बाजूला काय आहे, हे जगात तिला एकटीला ठाऊक होतं.

बाबा घर सोडून गेले त्या महिन्यातली ती कॅसेट. खास बातमी मिळवायची म्हणून तिने टेपरेकॉर्डर पडद्यामागे लपवला होता. मिळाली ती बातमी अशी — आई फोनवर मावशीशी बोलत होती. "मला भीती वाटते गं. एकटीनं हिला वाढवताना माझं काही चुकलं तर? पोर झोपली की मी नाकापाशी बोट धरून बघते, श्वास चालू आहे ना. ती झाडावर चढते ना, तेव्हा माझे पायच जातात. सांगू कोणाला?" आणि मग आईचं रडणं. तोंडावर पदर दाबून, आवाज न करता रडायचा प्रयत्न करणारं.

तिने ते एकदाच ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती झाडावर चढली नाही. पोहोचल्याचा फोन करायला विसरली नाही. आणि घरच्या बातम्या कायमच्या बंद पडल्या.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी घराला रंग काढला, तेव्हा तिने जुन्या कॅसेटचं खोकं बिनघोर भंगारात दिलं होतं.

पंधरा दिवसांनी हेडफोनची उजवी बाजू मुकी झाली.

"अरेच्चा, कानवाल्या बाई!" त्याने तिला पाहताच म्हटलं.

"काय म्हणालात?"

"पावतीवर कानाचा दवाखाना लिहिलात ना तुम्ही? मला गल्ली टेपवाला म्हणते. तुम्ही कानवाल्या. चुकलं का?"

"मॅडम म्हणतात मला."

"म्हणू देत. त्यांना तपासून घ्यायचं असतं." त्याने हेडफोन उलटसुलट केला. "नवलच आहे. स्क्रू आपोआप ढिला झालेला मी पहिल्यांदाच बघतोय."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाहेर पाऊस लागला होता, रोजचाच, कंटाळवाणा, छत्री असूनही बाहेर पडू न देणारा. तिला तो त्या दिवशी अजिबात कंटाळवाणा वाटला नाही. टेपवाला कॉम्प्युटरवर एक टेप साफ करत बसला होता. कुठलीशी बाई कुणालातरी नावाने हाक मारत होती. त्याने ते नाव कापलं.

"नावं मी काढतो. पण नाव काढलं की तिथं भोक पडतं. त्यात कोरी शांतता भरली तर कानाला खड्डा लागतो. मग त्याच टेपमध्ये शोधायचं, ती बाई गप्प बसलीय असा अर्धा सेकंद. तो उचलून इथं लावायचा."

"शांतता ती शांतता. कुठलीही चालेल की."

"कानवाल्या असून असं बोलता?" त्याने तिचेच हेडफोन उचलले आणि तिच्या कानांवर बसवले. अलगद, केस अडकणार नाहीत असे. मग दवाखान्यातल्यासारखा सूर काढून म्हणाला, "ऐकू आलं की बटण दाबा हं."

पहिल्यांदा काहीच नाही. मग कळलं... काहीच नाही असं नव्हतंच. लांब कुठेतरी नळ ठिबकत होता. पंखा होता, एक पातं किंचित घासणारा. त्याने दुसरी शांतता लावली. ही कोंदट होती, गाद्या-उशांनी भरलेल्या खोलीची. तिसरीत खिडकी उघडी असावी. तिने डोळे मिटले. कोणी न बोललेल्या इतक्या खोल्या या माणसाने ऐकून ठेवल्या होत्या! अनोळखी माणसांचं बोलणं ऐकणारे पुष्कळ असतात. त्यांचं गप्प बसणंही जपून ठेवणारा तिला पहिल्यांदाच भेटत होता.

डोळे उघडले, तर तो तिचा चेहरा वाचत होता. जसे ती पेशंटचे वाचते.

"बटण नाही दाबलंत," तो म्हणाला.

"बटण कुठंय?" ती म्हणाली, आणि दोघंही उगाचच टेबलावर बटण शोधायला लागली.

त्यानंतर त्या हेडफोनला काय धाड भरली कोण जाणे. कधी वायर, कधी पिन, कधी नुसतीच खरखर. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट म्हणाली, "मॅडम, नवीन घेऊन टाकू या ना!" यावर मॅडमनी "जुन्याचा आवाज चांगला आहे" असं म्हणून फाइलीत डोकं खुपसलं.

एकदा तिने सहज विचारावं तसं विचारलं, "तो बातमीदार... त्याचा आवाज असाच होता का?"

"नाही! रेकॉर्ड करताना बॅटरी मरत आल्या होत्या. टेप हळू फिरली, म्हणून आता वाजवली की चिमण्या भांडल्यासारखी ऐकू येते. मी वेग उतरवत उतरवत आणला, माणूस वाटेपर्यंत. अंदाजानेच. बारा-तेरा वर्षांचा मुलगा असणार."

"मुलगाच कशावरून?"

"आई 'राजा' म्हणते की त्याला."

"आया मुलींनाही राजा म्हणतात."

"तुम्हाला म्हणतात?"

"मला मॅडम म्हणतात, सांगितलं ना."

तो खळखळून हसला. मग पेन्सिल कॅसेटच्या दातेरी भोकात घालून हळूहळू फिरवत राहिला. "खात्री नाहीच मला. त्या टेपमध्ये पक्की गोष्ट एकच आहे, ती बेल. टिं... टॉं-टॉंग. दुसरा सूर अडखळतो, ऐकलंत? ती बेल सापडली ना, तर वेग केसभरही चुकणार नाही. पण इतक्या वर्षांत कोणी तशी ठेवलीय?"

ती बेल ती रोज संध्याकाळी स्वतःच्या बोटाने वाजवत होती. आईचं तत्त्वच होतं — वाजतेय ना? मग राहू दे.

"एवढं काय आहे हो त्या पोरात?" तिने कॅसेटकडे बघत विचारलं. त्याच्याकडे बघायचा धीर नव्हता.

त्याने पेन्सिल थांबवली. "हे दुकान मी बंद करणार होतो. टेप कोण दुरुस्त करतं आता? सुटे भाग काढावेत म्हणून शेवटचं खोकं आणलं, त्यात हा निघाला. चार दिवस माझ्याशी धड कोणी बोललं नव्हतं. आणि हा म्हणतो, 'ऐकलंत, बरं वाटलं.' असा थाट, असा विनोद, आणि वर आभार! मी शटर पुन्हा वर केलं. म्हटलं, असं बोलून टाकून दिलेलं आणखी काय काय असेल." मग म्हणाला, "फक्त एक कळत नाही. एवढा बोलका पोर एकाच कॅसेटवर थांबतो कसा?"

सांगावं, तर त्याच्या नियमाप्रमाणे त्याने ही कॅसेट तिच्या हातात ठेवायची आणि आपल्याकडची प्रत पुसायची. त्याने दुकान जिच्यावर पुन्हा उभं केलं तीच वीट तिने काढून घ्यायची. न सांगावं, तर आईचं ते दाबलेलं रडणं आधी तो ऐकणार, मग पोस्टमनकाका, मग अख्खं इंटरनेट. इकडे आड, तिकडे विहीर.

अठ्ठेचाळिसावी बैठक झाली. एकोणपन्नासावीही झाली. प्रत्येक वेळी ती सांगायचं ठरवून गेली आणि हेडफोन घेऊन परत आली.

पन्नासाव्या बैठकीच्या आठवड्यात, बुधवारी, ती दुकानाच्या दारात उभी राहिली. हातात हेडफोन नव्हता.

"आज काय मोडलं?" तो म्हणाला.

"आमच्या दाराची बेल. बघायला याल? उद्या पाचला. आणि... येताना ती बातम्यांची कॅसेट आणाल? वाजवायच्या साहित्यासकट. आईला ऐकवायचीय."

"बेल माझ्या पाटीवर नाही, कानवाल्या बाई."

"नसू दे. आवाज तर करते ना?"

गुरुवारी पाचला पाच कमी असताना ती दाराच्या आतल्या बाजूला, दाराला पाठ टेकून उभी होती. आई रुग्णालयातली सकाळची ड्युटी संपवून आली होती आणि आत चहा ठेवत होती. दुरुस्तीवाला येणार, एवढंच तिला सांगितलेलं. जिन्यावर पावलं वाजली. थांबली.

टिं... टॉं-टॉंग.

मग काहीच नाही. तिने श्वास धरला. बाहेरच्यानेही धरला असावा.

टिं... टॉं-टॉंग. आणि लगेच पुन्हा, घाईघाईने — टिं... टॉं-टॉंग.

"अगं राजा, बघ ना कोण आहे!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. एकोणीस वर्षांपूर्वी ओरडली होती तश्शी.

बाहेर काहीतरी धप्पकन खाली ठेवल्याचा आवाज आला. बहुधा टेपरेकॉर्डर. तिने दाराच्या फटीशी तोंड नेलं.

"नमस्कार," ती म्हणाली. "ऐकत आहात घरच्या बातम्या. स्वयंपाकघरात सध्या चहाचं वातावरण आहे. दारात एक टेपवाला उभा असून... त्याला आमच्या प्रतिनिधीने चार महिने फसवलं, याबद्दल क्षमस्व."

बराच वेळ गेला. तिच्यासारख्या काळजीखोर मुलीला त्यात दहा प्रकारे राग, पाच प्रकारे निरोप दिसून गेले. मग फटीच्या पलीकडून, अगदी जवळून, त्याचा आवाज आला.

"म्हणजे चार वर्षं... मी तुम्हाला हळू चालवत होतो?"

"हो ना. मी मूळची घाईची आहे."

"मुलगी?"

"नऊ वर्षांची."

"अहो, मग दार उघडा की! मला वेग लावायचाय!"

तिने दार उघडलं. तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. दोन्ही एकदम कसं जमतं, हे तिला चेहरे वाचून वाचूनही ठाऊक नव्हतं. त्याने खिशातून कॅसेट काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. "ज्याचा आवाज..."

"थांबा. दुसऱ्या बाजूचा आवाज माझा नाही. आईचा आहे. तिचं ती ठरवेल."

"कुणाचं काय ठरवायचंय?" आई चहाचे कप घेऊन दारात आली होती.

मग सांगावंच लागलं. भर उन्हात पायपीट करावी तसं, थांबत थांबत, तिने आईला सगळं सांगितलं — पडदा, टेपरेकॉर्डर, मावशीचा फोन. आईने कप खाली ठेवले. "मला ऐकायचंय," एवढंच म्हणाली.

त्याने टेपरेकॉर्डरला हेडफोन जोडला. डाख देऊन देऊन जाड झालेला तोच हेडफोन, शेवटच्या दुरुस्तीनंतर दुकानातच राहिलेला. आईच्या कानांवर बसवून, कळ दाबून तो चटकन उठला आणि गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. ऐकायचंच काय, बघायचंही नाही म्हणून. त्या पाठीकडे बघताना तिला वाटलं, दाराला कुलूप लावून तीनदा ओढावं लागत नाही, अशीही माणसं असतात.

आणि मग ती आईचा चेहरा बघत बसली. इतकी वर्षं चेहरे बघायची सवय केली, ती जणू या एका तपासणीसाठी. आईच्या भुवया वर गेल्या. ओठ घट्ट मिटले. हात नकळत पदराकडे गेला. शेवटी तिने हेडफोन काढला.

"किती बावळट होते गं मी."

"घाबरलेली होतीस."

"बावळटच. एवढी भीत बसले, आणि तू आयती मोठी झालीस."

"आयती नाही, आई. मी मदत केली ना."

आई तिच्याकडे बघत राहिली. हळूहळू तिला उमगत गेलं. "म्हणून तू झाडावर चढणं सोडलंस? ...तो रोजचा फोन?" तिने मान हलवली. आईने तिच्या डोक्यावर एक टपली मारली आणि तोच हात तिथंच, केसांवर ठेवून दिला. "वेडी कुठली. चढ की आता. कोणी अडवलंय?" मग गॅलरीकडे बघत आवाज चढवून, "चहा गार होतोय हो बेलवाले! भीती घातली नाही कोणी तुम्हाला, आत या!"

ठरलं ते असं. दुसरी बाजू घरातच राहील. त्याने लगेच फोन काढून पहिल्या बाजूची इंटरनेटवरची प्रत पुसायला घेतली, अंगठा बटणावर, ओठ दाताखाली. नियम म्हणजे नियम. अंगठा मात्र खाली जाईना.

"पुसा," ती म्हणाली. "वेग चुकलाय तिचा. नवी चढवा, बेलीच्या सुरात लावून. माझी परवानगी आहे."

त्याने पुसलं. "आणि पन्नासावी बैठक? दुसऱ्या बाजूच्या जागी मी काय ऐकवू? लोकांना सांगून बसलोय."

"बघू," ती म्हणाली. तिच्या कपाळाला आठी होती, पण ओठ वेगळंच काही सांगत होते.

शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आई पोस्टमनकाकांशेजारी बसली होती. टेपवाल्याने एक कोरी कॅसेट चढवली, माइक तिच्यापुढे सरकवला आणि तांबडी कळ दाबली.

"नमस्कार. ऐकत आहात घरच्या बातम्या. तांत्रिक कारणामुळे एकोणीस वर्षांचा व्यत्यय आला, क्षमस्व." स्टुलांवर खसखस पिकली. "ठळक बातमी. आमची प्रतिनिधी काल चौकातल्या झाडावर चढली. पहिल्या फांदीपर्यंत. उतरताना आईची मदत घ्यावी लागली. आता व्यापारविषयक. एका दुकानात गेले चार महिने एक हेडफोन वारंवार दुरुस्तीला येत आहे. विश्वसनीय गोटातून कळतं की पहिली खेप सोडली, तर हेडफोनला कधीच काही झालेलं नव्हतं. स्क्रू प्रतिनिधी स्वतः ढिला करत असे. कारण विचारलं असता प्रतिनिधीने... प्रतिनिधीने दुकानदाराकडे बोट दाखवलं."

हशा झाला. तो लाल झाला, पेन्सिल कानामागून गळून पडली. पोस्टमनकाका म्हणाले, "पत्र पोहोचलं बरं का!"

"बातम्या संपल्या नाहीत," ती म्हणाली, "आणि या वेळी बॅटरीही संपलेली नाही. ऐकलंत, बरं वाटलं."

टाळ्या वाजायच्या आत त्याने हात वर केला. "थांबा, थांबा! या खोलीची शांतता घ्यायची राहिलीय. तीस सेकंद. कोणी हलू नका."

सगळे गप्प झाले. टेप फिरत राहिली. पंख्याचं एक पातं घासत होतं, कुणाचंतरी स्टूल किंचित करकरलं. आईने नाक ओढलं. काउंटरखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्याने तिचा हात शोधला. तिने त्याच्या तळव्यावर अंगठा टेकवला आणि बटण दाबतात तसा दाबला.

ऐकू आलं.